बंदरावरची पंगत

रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे बहुधा किल्ल्यांपासून आरंभ करतात. सुवर्णदुर्ग, जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड ही नावे ओळीने येतात, मग वेढे येतात, तह येतात. गलबतातून उतरलेल्या परक्या माणसाला त्या संध्याकाळी कोणाच्या ओसरीवर पथारी मिळाली आणि त्याला कोणी जेवू घातले, हा प्रश्न त्या पुस्तकांतून क्वचितच विचारला जातो. वास्तविक बंदर केवळ तोफांवर चालत नाही. वाऱ्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे पडून राहणाऱ्या खलाशांना, व्यापाऱ्यांना आणि यात्रेकरूंना पोटभर अन्न मिळाले, तरच ते बंदर पुन्हा गाठावेसे वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात किल्ल्यांना दुरूनच नमस्कार करून मी चुलीकडे वळणार आहे.

हातखंबा हे काही बंदर नव्हे. समुद्र येथून पश्चिमेला चांगला चार-पाच कोस दूर आहे. परंतु जुन्या काळी बंदर जे काम करीत असे, ते आज हा तिठा करतो. मुंबईकडून गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणारा रस्ता येथे एकमेकांना भेटतात. मासळीचे ट्रक, आंब्याच्या पेट्या, सुटीवर आलेले चाकरमानी, गणपतीपुळ्याला निघालेले घाटावरचे भाविक, सगळे या परिसरात थांबतात, चहा घेतात, वडापाव खातात, भूक मोठी असेल तर बांगड्याचे ताट मागवतात. शेजारच्या बाकावर बसलेला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारीत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विशेष आहे असे वाटेनासे झाले आहे. माझ्या मते ती विशेष आहे. या किनाऱ्यावरच्या माणसांना एका बाकावर येऊन बसायला शतकानुशतके लागली, आणि घराच्या उंबऱ्याआत ते अजूनही पुरते साधलेले नाही.

आपल्या बंदरांची सर्वांत जुनी लेखी यादी एका परक्या प्रवाशाने केलेली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ नावाचे एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात कल्याण आणि चौल यांच्या दक्षिणेला मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगरा अशी बंदरे ओळीने सांगितली आहेत. विद्वान त्यांची जागा बाणकोट, दाभोळ, जयगड येथे दाखवतात. या ओळखींवर सर्वांचे एकमत नाही, पण ती याच किनाऱ्यावरची आहेत यात वाद नाही. भडोचला कोणता माल खपतो हे सांगताना तो लेखक इटलीच्या द्राक्षमद्याचा उल्लेख प्रथम करतो. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास झालेल्या उत्खननात भूमध्य समुद्राकाठी घडवलेली ब्राँझची भांडी आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी सुबक मूर्ती सापडली. ही मूर्ती आणि ती भांडी कुठल्यातरी बंदरात उतरून कुठलातरी घाट चढून वर गेली असणार. सह्याद्रीपलीकडच्या त्या गावात, पाहुण्यांपुढे परदेशी सुरईतून काहीतरी ओतले जात होते, एवढे तरी मनात आणायला हरकत नाही.

हा पेरिप्लस ज्या शतकात लिहिला गेला, त्याच शतकात भूमध्य समुद्राच्या बंदरांवर आपली ख्रिस्तसभा वाढत होती. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक नकाशा समोर ठेवून वाचले, तर ते जवळजवळ बंदरांचेच पुस्तक आहे हे ध्यानात येते. यापो, कैसरिया, त्रोवस, मिलेत, पुत्युल. आणि या बंदरांवर आपल्या पूर्वसूरींना सर्वांत अधिक छळणारा प्रश्न कोणता होता? कोणाबरोबर जेवायचे, हा.

यापोला संत पेत्र समुद्राकाठी शिमोन नावाच्या माणसाकडे उतरला होता. तो कातडी कमावणारा होता. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्याला सरळ ‘चांभार’ म्हटले आहे. त्या एका शब्दाने मराठी वाचकाला जे कळते, ते मूळ ग्रीक वाचणाऱ्या युरोपियनाला टीप वाचूनही कळणार नाही. मेलेल्या जनावरांशी संबंध येणारा तो धंदा यहुदी समाजात हलका मानला जाई. घर गावाच्या कडेला, समुद्राजवळ. अशा घरी मुक्काम असताना, भर दुपारी भूक लागलेली असताना, पेत्राला छपरावर तो दृष्टान्त झाला. चार कोपऱ्यांनी सोडलेली चादर, तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी, आणि खाण्याची आज्ञा. त्याने तीनदा नकार दिला. दारात कर्नेल्य या रोमन शताधिपतीची माणसे येऊन उभी होती. पेत्राने त्यांना आत घेतले, त्यांचा पाहुणचार केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघाला. यरुशलेमला परतल्यावर त्याच्यावर जो ठपका आला तो उपदेशाबद्दल नव्हता, परक्यांच्या पंक्तीला बसल्याबद्दल होता. पुढे अंत्युखियात तर पेत्र स्वतःच लोकांच्या भीतीने त्या पंगतीतून उठला, आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. प्रेषितांच्या अग्रणीलाही जे एकदा जमले आणि एकदा जमले नाही, ते सोपे नव्हते.

या सर्वांत करिंथ नगराची कथा आपल्याला सर्वांत जवळची वाटावी. जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेल्या या शहराला दोन बाजूंना दोन बंदरे होती, पश्चिमेला लेखायोन आणि पूर्वेला किंख्रिया. संत पौल तेथे दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरीत. अशा शहरात बाहेर जेवणे म्हणजे पुष्कळदा देवळाच्या आवारात जेवणे. अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेच्या करिंथमधील देवस्थानात उत्खननात भोजनाची दालने सापडली आहेत. भिंतीकडेने पाहुण्यांना रेलून बसायचे मंच आहेत. व्यवसायातली ओळखपाळख, लग्नकार्य, मित्राचे निमंत्रण यांसाठी तेथे जावे लागे. आणि बाजारात विकले जाणारे मांसही अनेकदा मूर्तीपुढून आलेले असे. नव्या ख्रिस्ती माणसाने काय करावे? पौलाच्या पहिल्या पत्रातले तीन अध्याय या एका प्रश्नाभोवती फिरतात. या अध्यायांकडे मी लेखाच्या शेवटी पुन्हा येणार आहे, कारण हातखंब्याच्या आसपासच्या आपल्या घरांतून तोच प्रश्न दर भाद्रपदात विचारला जातो.

आता पुन्हा कोकण किनाऱ्याकडे वळू. १३२१ मध्ये ठाण्याला आलेला जॉर्दानुस हा दोमिनिकन धर्मबंधू आपल्याला ठाऊक आहे तो त्याच्याबरोबरच्या चार फ्रान्सिस्कन हुतात्म्यांमुळे. ठाण्यात त्या चौघांना आसरा दिला तो एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाने. म्हणजे युरोपियनांच्या आधीपासून येथे ख्रिस्ती चूल पेटलेली होती. जॉर्दानुसने नंतर लिहिलेल्या पुस्तकात इथल्या फणसाबद्दल कौतुकाने सांगितले आहे की एक फळ पाच माणसांना पुरते. आमच्या भागातले वाचक म्हणतील की त्याने लहान फणस पाहिला असावा.

परंतु रत्नागिरी जिल्ह्यापुरते बोलायचे तर बंदरावरच्या पंगतीचा खरा साक्षीदार म्हणजे अफनासी निकितिन. हा रशियातील त्वेर गावचा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्यापारी. इसवी सन १४७० च्या आसपास तो चौलला उतरला, जुन्नर, बिदर असा बहमनी राज्यात हिंडला आणि परतीच्या प्रवासासाठी दाभोळला गलबतात चढला. (आजच्या वाचकाला दाभोळ म्हटले की वीज प्रकल्प आठवतो; तो वास्तविक खाडीपलीकडे अंजनवेलला आहे.) वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यापूर्वी पाव शतक आधीची ही गोष्ट. निकितिनला राजकारणात रस होता, पण त्याहून अधिक ताटात. येथे घोड्यांना खिचडी शिजवून घालतात, नारळाच्या झाडापासून मद्य करतात, असे तो टिपून ठेवतो. आणि मग तो ती गोष्ट टिपतो जी आपल्याकडच्या कोणाही बखरकाराला लिहावीशी वाटली नाही, कारण ती सर्वांना श्वासासारखी परिचित होती. येथील लोक परधर्मीयांबरोबर खात-पीत नाहीत, आपापसातही सगळे एकत्र जेवत नाहीत. परक्याची नजर अन्नावर पडू नये म्हणून जपतात, कोणी कापडाआड बसून जेवतात, आणि नजर पडलीच तर ते अन्न टाकून देतात.

त्याची स्वतःची अवस्था फार बिकट होती. वोल्गेच्या मुखाशी लुटारूंनी त्याची धर्मपुस्तके नेली होती. ईस्टर केव्हा, उपवास केव्हा, हे सांगणारे दुसरे कोणी नव्हते. तो खुणांवरून अंदाज बांधी, भोवतालचे मुसलमान रोजे धरीत तेव्हा त्यांच्याबरोबर उपाशी राही, आणि आपण ख्रिस्ती राहिलो आहोत की नाही या शंकेने वहीत विलाप करी. कोणाच्याही पंगतीला न बसू शकणाऱ्या माणसाचा एकटेपणा त्या वहीत आहे. मी धर्मगुरू म्हणून ती पाने वाचतो तेव्हा मला वाटते की आपल्या ज्या मुलामुलींना आखाती देशांत किंवा बोटीवर नोकरीसाठी जावे लागते, त्यांनी ही पाने वाचावीत. दाभोळहून निघालेले त्याचे गलबत वाऱ्याने आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तेथील लोक जहाज लुटतील या भीतीने प्रवाशांनी त्यांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटली; आणि जहाज लुटले गेले नाही. बहुधा दाभोळच्या बाजारात भरलेलाच तो तांदूळ असेल. निकितिन मात्र घरी पोहोचला नाही, वाटेतच वारला.

त्यानंतर चाळीस वर्षेही झाली नसतील, तोच दाभोळने दुसऱ्या प्रकारचे ख्रिस्ती पाहिले. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. सूड घेण्यासाठी निघालेले आल्मेदाचे आरमार डिसेंबरच्या अखेरीस दाभोळच्या खाडीत शिरले. गाव जाळले गेले; पुरुष, स्त्रिया, मुले यांत भेद केला गेला नाही. हे आरोप शत्रूने केलेले नाहीत, पोर्तुगीज इतिहासकारांनीच ते लिहून ठेवले आहे. दिवस नाताळच्या अष्टकातले होते. ज्यांनी चार-पाच दिवसांपूर्वी जहाजावर प्रभुजन्माचा मिस्सा ऐकला असेल, त्यांनीच हे केले. आपल्या समाजात पोर्तुगीजांविषयी बोलताना एकतर सरसकट अभिमान दिसतो किंवा सरसकट संकोच. दाभोळच्या बाबतीत मला दोन्ही अपुरे वाटतात. तेथे मेलेल्यांसाठी एक प्रार्थना म्हणणे अधिक योग्य.

त्या प्रसंगाला एक विचित्र पुरवणी आहे. लूट झाली, पण आरमाराला धान्य मिळेना. त्या वर्षी टोळधाड आली होती. आसपासच्या गावांत शिधा शोधणाऱ्या शिपायांना सापडली ती मडक्यांत साठवलेली टोळांची बेगमी. त्यांनी ती खाल्ली आणि चव कोळंबीसारखी असल्याचा निर्वाळा दिला, असे पोर्तुगीज वृत्तान्तात आहे. योहान बाप्तिस्ताचे अन्न त्याच्या नावाने पायस घालणाऱ्या लोकांनी असे खाल्ले. दुष्काळातल्या एखाद्या गृहिणीने पोराबाळांसाठी राखून ठेवलेले ते मडके माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पोर्तुगीजांची सत्ता या जिल्ह्यात वसई-चौलसारखी रुजली नाही, पण त्यांचे ताट रुजले. तिठ्यावरचा वडापावच घ्या. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज, ‘बटाटा’ हाही पोर्तुगीज. बटाटा आणि मिरची या दोन्ही वस्तू अमेरिकेतून त्यांच्याच जहाजांनी आणलेल्या. ज्या काजूवर आणि हापूसवर रत्नागिरी मिरवते, त्यांपैकी काजू ब्राझीलचा, आणि हापूसच्या नावात आफोन्सु हे पोर्तुगीज नाव दडलेले. पपई, अननस, कोबी यांचीही तीच वंशावळ. गंमत अशी की यातला एक पदार्थ दीर्घकाळ बाटवणारा समजला गेला. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायलेले सगळे गाव बाटले आणि त्यांना परत घेतले गेले नाही, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. ती घडली की रचली गेली, हा वाद बाजूला ठेवू. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ती शक्य वाटत होती, यातच त्या काळाचे चित्र आहे. पाण्यात पडलेला एक तुकडा माणसाचे गणगोत तोडू शकत होता.

आणि दोष एकाच बाजूला नव्हता. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये जो हुकूम काढला, त्यात ख्रिस्ती लोकांनी पाळायच्या निषेधांची लांबलचक यादी आहे. दारात तुळस लावू नये, आणि हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवू नये. देवाच्या राज्याची सीमा भाताच्या मडक्यातल्या चिमूटभर मिठावरून आखली गेली! यरुशलेममध्ये पेत्रावर ठपका ठेवणारे लोक सतराशे वर्षांनी गोव्यात न्यायासनावर बसले होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. कोणी कापडाने अन्न झाकले, कोणी हुकुमाने.

पुढे इंग्रजी अमदानीत रत्नागिरीचे बंदर मुंबईच्या आगबोटींना जोडले गेले. आगबोट खोल पाण्यात उभी राही, उतारू पडावातून भगवती बंदरात येत, आणि पावसाळ्याचे चार महिने सारेच बंद. उन्हाने आणि बोट लागल्याने अर्धमेला झालेला चाकरमानी धक्क्यावर पाऊल ठेवी, तेव्हा त्याला चहा हवा असे. पण चहा कोठे घ्यायचा? त्या काळी उपाहारगृहांवरही जातीच्या पाट्या असत. रेल्वे स्टेशनांवर तर पिण्याचे पाणीसुद्धा हिंदू आणि मुसलमान असे दोन प्रकारचे मिळे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला दाराबाहेर वेगळी कपबशी. आणि ख्रिस्ती माणसाने कोणत्या पाटीखाली जावे, हे पाटी लिहिणाऱ्यांच्या मनातही आले नसावे. घरून बांधून आणलेली भाकरी आणि सुकट सोडून खाणे, हाच त्याचा मार्ग.

या पार्श्वभूमीवर रत्नागिरी शहरात घडलेली एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा हक्क बजावला. त्यांचे मूळ गाव आंबडवे, याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी स्पर्शबंदी आणि रोटीबंदी तोडण्याची चळवळ चालवली. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींना खुले झाले, सहभोजने झडू लागली, आणि १९३३ मध्ये ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ सुरू झाले. आपल्या भेटीस येणाऱ्याने आधी तेथे चहा प्यावा, असा सावरकरांचा आग्रह असे, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. कर्मठ रत्नागिरीत याला धैर्य लागले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तरी पाटीवरचे दोन शब्द दोन दिशांना खेचतात. ‘अखिल’ दार उघडतो, ‘हिंदू’ त्या दाराची चौकट ठरवतो. त्याच चळवळीत शुद्धीचाही कार्यक्रम होता. आम्हां ख्रिस्ती लोकांकडे पाहण्याची तिची दृष्टी, परत आणायचे लोक, अशी होती. एका चहाच्या दुकानाने किती मोठी भिंत पाडली आणि कोठे थांबली, दोन्ही एकाच वेळी दिसले पाहिजे.

मात्र दुसऱ्यांच्या पाटीवर बोट ठेवण्याआधी आपली पंगत पाहावी. गोव्यात पिढ्यानपिढ्या चर्चमधील कॉन्फ्रारिया जातीनुसार वाटलेल्या होत्या. बामण आणि चाड्डी एका बाजूला, शुद्र दुसऱ्या बाजूला. सणाचा यजमान कोण व्हायचा यावरून तंटे झाले. वसईतही एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणारे समाज सोयरीक मात्र आपापल्यातच करीत आले. करिंथमध्ये हेच होते. श्रीमंत लवकर येऊन जेवून घेत, हमाल आणि गुलाम काम आटोपून येईपर्यंत भांडी रिकामी होत. पौल म्हणतो तो प्रभुभोजनाचा अपमान हाच. आमच्या भागात आज गोव्याचे, सावंतवाडीचे, वसईचे, केरळचे, कामासाठी आलेले छोटानागपूरचे, असे सर्व कॅथलिक एका मिस्साला येतात. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा रत्नागिरी जिल्हा त्यात आला. गणती लहान, गावे लांब लांब. मिस्सानंतर ही मंडळी कोणाकोणाच्या घरी जेवायला जातात, यावर मी लक्ष ठेवून असतो. छोटानागपूरच्या मजुराला बोलावणारी घरे अजून बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आता ते भाद्रपदातले गाऱ्हाणे. गणपतीच्या दिवशी शेजारीण मोदकांचे ताट घेऊन दारात येते. आपली आई ते घेते, मग रात्री घरात कुजबुज होते, आणि रविवारी मला विचारले जाते, ‘फादर, खाल्ले तर चालेल का?’ करिंथकरांनी पौलाला विचारले तेच हे. त्याचे उत्तर एका वाक्यात येत नाही, आणि ते एका वाक्यात सांगणाऱ्या दोन्ही प्रकारच्या लोकांपासून सावध राहावे. मूर्ती काहीच नाही, तेव्हा अन्न हे अन्नच, असे तो आठव्या अध्यायात म्हणतो. पण तुझ्या खाण्याने दुबळ्या भावाचा विवेक दुखावत असेल तर जप. मूर्तीच्या पूजेत सहभागी होऊ नको, हे तो दहाव्या अध्यायात निक्षून सांगतो. त्याच अध्यायात पुढे म्हणतो की बाहेरच्या कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर पुढ्यात येईल ते प्रश्न न विचारता खा; आणि त्याच्या लगेच पुढे, हे नैवेद्याचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नको. हे शेवटचे वचन गाळून चालणार नाही. मी माझ्या लोकांना सांगतो ते असे : आरतीला उभे राहणे वेगळे आणि शेजारणीच्या हातून ताट घेणे वेगळे. ती तुमच्या विश्वासाची परीक्षा घ्यायला आलेली नसते. खायचे की नाही हे तुमच्या विवेकाला आणि तुमच्या घरातल्या दुबळ्याला विचारून ठरवा. पण ताट दारातून परत पाठवू नका, आणि तिच्यासमोर झाकू तर नकाच.

कोकणात आलेले ताट रिकामे परत द्यायचे नाही असा रिवाज आहे. दुसरे काही नसेल तर चिमूटभर साखर तरी त्यात ठेवतात. आपल्या बायका ते घासून-पुसून फळीवर ठेवतात आणि नाताळात त्याच ताटात नेवऱ्या घालून पाठवतात. पलीकडच्या घरी त्यांना करंज्या म्हणतात. सारण दोन्हीकडे बहुधा खोबऱ्याचेच असते.